दारू सोडलेल्या नवऱ्याची फाईल

मागच्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हा शेजारच्या बाईंनी सहज विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं ऑफिसात नेमकं करत काय होतात हो?" मी म्हटलं, "ऐकत होते." त्यांना वाटलं, मी टाळतेय. पण याहून खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

छत्तीसगढमधल्या भिलाईच्या एका परामर्श केंद्रात मी बावीस वर्षं समुपदेशक होते. दोन खोल्या, एक कपाट, भिंतीवर कायद्याचे तक्ते. नवरा मारतो, घराबाहेर काढतो, अशा तक्रारी घेऊन बायका ठाण्यात जायच्या आणि ठाणं त्यांना आमच्याकडे पाठवायचं. आम्ही आधी बाईचं एकटीचं ऐकायचो. मग नवऱ्याला पत्र पाठवून बोलवायचं, त्याचं वेगळं ऐकायचं आणि शेवटी दोघांना समोरासमोर बसवायचं. जमलं तर समझौता लिहायचा, दोघांच्या सह्या, खाली माझी. नाही जमलं तर कोर्टाचा रस्ता दाखवायचा. आमच्याकडे ना गणवेश, ना काठी. होती ती फक्त फाईल.

फाईलच्या पहिल्या पानावर एक रकाना होता, 'विवाद का कारण'. त्यात मी वर्षानुवर्षं एकच शब्द लिहीत आले : शराब. दहातल्या किती फायलींत तो होता हे मी मोजलेलं नाही, पण लिहिताना हात आपोआप वळायचा. बाई खुर्चीत बसतानाच सांगायची, "पीकर मारता है." नवराही तेच सांगायचा. दोघांचं एकमत होणारी ती एकच गोष्ट असायची, त्यामुळे मलाही बरं वाटायचं. रोग सापडला, आता औषध देऊ.

नमुने नाना तऱ्हेचे यायचे. एकजण आपण पीत नाही हे सिद्ध करायला भर दुपारी पिऊनच आला होता आणि टेबलाला धरून मला म्हणाला, "देखिए मॅडम, सीधा खड़ा हूँ." दुसऱ्याची आई डबा घेऊन बरोबर आली आणि मी प्रश्न विचारला की त्याच्या तोंडात घास द्यायची, म्हणजे त्याला बोलावंच लागू नये. असे किस्से सांगून मी लग्नाकार्यात लोकांना हसवलं आहे. पण ज्या फाईलनं माझं काम बदललं, ती हसण्यासारखी नव्हती, आणि ती मी आजवर फार कोणाला सांगितलेली नाही. कारण तिच्यात चूक माझी होती.

तिचं नाव कुंदा ठेवू. नावं सगळी मी बदललीच आहेत. माहेर-सासर दोन्ही भंडाऱ्याकडचं, शेतकरी घरं. सासरे इथल्या पोलाद कारखान्यात, म्हणजे प्लांटमध्ये, नोकरीसाठी आले, मग नवराही त्याच प्लांटमध्ये क्रेन चालवायला लागला. भिलाईतल्याच रिसालीत त्यांनी स्वतःचं लहानसं घर बांधलं होतं. एक मुलगी, प्राची, तेव्हा आठवीत. कुंदा पहिल्यांदा आली ती जवळच्या कुम्हारी गावात राहणाऱ्या तिच्या भावाबरोबर. ओठ सुजलेला, पण बोलणं शांत.

माझं बोलणं नागपूरकडचं आहे हे कळल्यावर तिनं हिंदी सोडली. माझे वडील इथं दुर्गला रेल्वेत होते, पण घरात बोलणं नागपूरकडचंच, त्यामुळे ही बोली माझ्या कानात बसलेली.

"तो पेते ना ताई, म्हणून हात उचलते," ती म्हणाली. "नाई पेला तं गाय हाय गाय."

"मारायच्या आधी काय होतं?"

"काय होणार? ड्युटीवरून पिऊन येते. घड्याळ काढून फ्रिजवर ठेवते. टीवीचा आवाज मोठा करते. मंग मले समजून जाते."

हे मी माझ्या कच्च्या वहीत पेन्सिलीनं उतरवून घेतलं. तारीख टाकली. मग फाईल उघडली आणि रकान्यात पेननं लिहिलं : शराब.

नवरा, मोरेश्वर, पहिल्याच पत्राला आला. भांग पाडलेला, इस्त्रीचा शर्ट, बोलायला मऊ. "गलती झाली मॅडम. पोटात गेली का मले होश नाई राहत. मी काय करून राहिलो, मलेच समजत नाई." आणि तो रडला. खोटं रडला असं मी आजही म्हणणार नाही. मी त्याला व्यसनमुक्ती केंद्राची चिठ्ठी दिली. तो खरोखर गेला. अडीच महिने राहिला, बाहेर आला, दर महिन्याला तपासणी करून कागद आणत राहिला. समझौत्यावर दोघांनी सह्या केल्या. मी खाली लिहिलं, 'पति ने शराब छोड़ दी है, अब कोई विवाद शेष नहीं.'

मला त्या फाईलचा अभिमान होता, हे कबूल करते. सिविक सेंटरजवळच्या एका सभागृहात नव्या समुपदेशकांचं शिबिर झालं, तिथं मी हीच गोष्ट उदाहरण म्हणून सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर साधारण आठ महिन्यांनी कुंदा पुन्हा आली. सकाळचे अकरा वाजले असतील. या वेळी भाऊ नव्हता. डावा हात कोपरापासून प्लास्टरमध्ये.

मी काय विचारलं असेन? तेच. "पुन्हा प्यायला लागला का?"

"नाई ताई. थेंब घेत नाई," ती म्हणाली. "म्हणूनच आली मी."

मला कळेना. ती खुर्चीत नीट बसली आणि एखादं काम उरकावं तसं सांगत गेली. रिसालीतल्या एका औषधाच्या दुकानात काउंटरवर बाई हवी होती. ती न विचारता बोलणी करून आली. मोरेश्वरची सुट्टी होती, प्राची शाळेत. त्यानं शांतपणे विचारलं, कुठं गेल्ती? तिनं सांगितलं. त्यानं घड्याळ काढून फ्रिजवर ठेवलं. टीव्ही लावला.

"मंग त्यानंच मले गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं," ती म्हणाली. "फॉर्म भी त्यानंच भरला. लिहिलं, सीढ़ी से गिरी. डॉक्टर म्हणे, किती काळजी करतो तुमचा माणूस."

"आठ महिन्यांत हे पहिल्यांदाच?"

तिनं पदर जरा बाजूला करून खांदा आणि पाठीचा वरचा भाग दाखवला. तोंडावर एक ओरखडा नव्हता. "आता तोंडावर नाई मारत. आता तो शुद्धीत असते ना."

"मग आधी का नाही आलीस?"

"कोणापाशी येऊ? सासू म्हणते, तुह्यासाठी पोरानं दारू सोडली, आणखी काय पायजे तुले? भाऊ म्हणते, आता तं सुधरला तो. आणि तुमी लिहून देल्लं ना ताई. तो कागद त्यानं कपाटात लावून ठेवला हाय. मी काही बोलली का दाखवते. म्हणते, पाय, मॅडमनं लिहिलं, कोणताच विवाद नाई."

तिनं मला दोष दिला नाही. दिला असता तर मला बचाव तरी करता आला असता.

तिला पाणी दिलं आणि मी कपाटातून माझी कच्ची वही काढली. जुनं पान सापडलं. माझंच अक्षर : घड्याळ काढतो, फ्रिजवर ठेवतो, टीव्हीचा आवाज वाढवतो. ज्याला शुद्ध नसते त्याला घड्याळ फुटेल ही काळजी नसते आणि शेजारी ऐकतील ही भीती नसते. पहिल्या दिवशी तिनं मला सगळं सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं, लिहूनही घेतलं होतं. फक्त फाईलमध्ये दुसरंच लिहिलं.

त्याच आठवड्यात दुलारीची आठवण आली. ही छत्तीसगढी बाई, भाजी विकायची. तिच्या नवऱ्याची तक्रार घेऊन ती वर्षातून एकदा यायची. तो रोज प्यायचा आणि पिऊन तिच्या दुकानाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला टोमॅटो-मिरच्या फुकट वाटायचा. त्याला झाडावं एवढीच तिची मागणी. मी तिला एकदा विचारलं होतं, मारतो का? ती चकित झाली होती. "पीथे बहिनी, रोज पीथे. फेर हाथ काबर उठाही?" हात का उचलेल? तेव्हा मी हसून सोडून दिलं. आता तो प्रश्न मला झोंबला. एकच दारू दोघं पीत होते. एकाचा हात टोमॅटोकडे जायचा, दुसऱ्याचा बायकोकडे.

दारूनं काही होत नाही असं मी म्हणत नाही. मार जड होतो, थांबायचं भान जातं, घर उपाशी राहतं. वस्तीतल्या बायका दारूचं दुकान हटवायला बसल्या तेव्हा मीही त्यांच्यात जाऊन बसले होते आणि पुन्हा बसेन. पण बाटलीला दोषी धरलं की हात सुटून जातो, हे मला कुंदानं शिकवलं.

आधी तिला आणि प्राचीला कुम्हारीला भावाकडे पाठवायचं ठरलं. भाऊ कुरकुरला, पण बहिणीची पाठ बघून गप्प झाला. प्राचीशी मी वेगळं बोलले. ही मुलं मराठी घरापुरती ठेवतात, माझ्याशी ती हिंदीतच बोलली.

"आंटी, पहले स्मेल आ जाती थी," ती म्हणाली. "पापा गेट पर होते, तभी पता चल जाता था. मैं मम्मी को लेकर बाजू वाली आंटी के घर चली जाती थी. अब पता ही नहीं चलता."

मी बऱ्याच मुलांशी बोलले आहे. पण वडिलांच्या तोंडाला वास येत नाही याची भीती वाटणारी ही पहिलीच.

मी कुंदाला विचारलं, "तुला काय हवंय?" हाही प्रश्न मी पहिल्या वेळी विचारला नव्हता. तेव्हा मीच ठरवलं होतं की तिला नवरा सुधारून हवा आहे.

"मले माह्या घरात राहाचं हाय," ती म्हणाली. "मी कावून निघू? प्राचीची दहावी हाय पुढच्या साली. निघाचं तं त्यानं निघावं."

घर मोरेश्वरच्या नावावर होतं. पण घरगुती हिंसेच्या कायद्यात घर कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न नसतो. बाई तिथं नांदत होती एवढं पुरतं, आणि मारणाऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगायचा अधिकार न्यायाधीशांना असतो. बायकांना हे माहीत नसतं, आणि खरं सांगायचं तर आम्हीही त्यांना ते शेवटी सांगायचो, समझौता फसल्यावर. या वेळी मी आधी सांगितलं. संरक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज लिहायला बसलो. मी लिहीत होते, ती सांगत होती. चार पानं झाली. शराब हा शब्द पहिल्या पानावर एकदा आला, तोही 'अब नहीं पीते' असा.

कोर्टाची नोटीस पोचली तसा माझ्याकडे माणूस आला. मोरेश्वर नव्हे, भाऊराव काका. प्लांटमधून निवृत्त, मराठी मंडळाच्या गणपतीत पुढे असणारे, सगळ्यांच्या सोयरिकी जमवणारे. मनानं वाईट नाहीत.

"मॅडम, तुमी तं आपल्याकडच्या," ते म्हणाले. "पोरानं दारू सोडली. आपल्या लोकांत किती जन सोडतेत? त्याले शाबासकी द्याची सोडून तुमी कोर्टात नेऊन राहिल्या. लोक म्हणतीन, मंग सोडून फायदा काय?"

मी म्हटलं, "काका, दारू सोडली ते चांगलंच केलं. त्यासाठी त्याचा सत्कार ठेवा, मी येते. पण बायकोचा हात मोडला त्याचं काय करायचं, तेही त्याच सभेत ठरवा."

"रागाच्या भरात झालं असन."

"क्रेनच्या केबिनमध्ये राग येत नाही का त्याला? साहेब रोज बोलतो म्हणे. तिथं कोणाचा हात मोडला आजवर?"

काकांनी चहा संपवला. उठताना एवढंच म्हणाले, "तुमचाच कागद तुमच्या आड येईन, पाहा."

तो आलाच. मोरेश्वरच्या वकिलानं माझा समझौता कोर्टात लावला, सोबत व्यसनमुक्तीचे सगळ्या महिन्यांचे कागद. मला साक्षीला बोलावलं गेलं. आमच्या वरिष्ठांनी बाजूला घेऊन सांगितलं, "विचारतील तेवढंच बोला. तुमच्या कामावर प्रश्न येईल, मग केंद्रावर येईल." भीती मला वाटली. नोकरीची चार-पाच वर्षं राहिली होती, आणि शिबिरात टाळ्या घेतलेल्या बाईनं उभं राहून मी चुकले म्हणायचं होतं. तरी दुर्गच्या कोर्टात जाताना मी पिशवीत कच्ची वही घातली.

वकील सभ्य होते. त्यांनी कागद पुढे केला. "ही सही तुमची?"

"माझी."

"'कोई विवाद शेष नहीं', हे तुम्ही लिहिलंत?"

"मीच लिहिलं."

"म्हणजे ते खोटं होतं?"

"अपुरं होतं," मी म्हटलं. "या बाईनं पहिल्या दिवशी मला जे सांगितलं, ते मी फाईलमध्ये घेतलं नाही. माझ्या वहीत आहे, तारखेसकट." मी वही पुढे केली. न्यायाधीशांनी ते पान स्वतः वाचलं. घड्याळ, फ्रिज, टीव्ही.

वकिलांनी दुसरा धागा धरला. "माझे पक्षकार आता दारू पीत नाहीत, हे तुम्हाला मान्य आहे ना?"

"पूर्ण मान्य आहे. तुमच्याकडे दर महिन्याचा कागद आहे. ज्या महिन्यात हात मोडला, त्या महिन्याचाही आहे."

कुंदाची वकील, सरकारी विधी सेवेकडून मोफत मिळालेली एक तरुण मुलगी, लगेच उठली आणि म्हणाली की तो कागद आम्हीही पुरावा म्हणून मानतो. आपण शुद्धीवर नव्हतो असं म्हणायला मोरेश्वरकडे आता जागा उरली नव्हती. त्यानं ती स्वतःच, महिन्यागणिक, बंद केली होती. तो खाली बघत बसला होता. मला त्याची दया आली, आणि मी ती तिथंच ठेवली.

निकाल लगेच लागला नाही. तारखा पडल्या, एकदा वकील आजारी, एकदा सुट्टी. कुंदा प्रत्येक तारखेला आली. प्लास्टर निघालं, हात थोडा वाकडाच जुळला. दरम्यान तिनं औषधाच्या दुकानातलं काम धरलं, कुम्हारीहून बसनं येऊन. शेवटी आदेश आला : मोरेश्वरनं घराबाहेर राहायचं, कुंदा आणि प्राचीच्या जवळ जायचं नाही, दुकानात नाही, शाळेत नाही. तो आईला घेऊन भाड्याच्या खोलीत गेला. कुंदा घरी परतली त्या दिवशी मी सोबत होते. तिनं सगळ्या खोल्या फिरून बघितल्या, मग टीव्ही उचलायला मला एक बाजू धरायला लावली आणि तो प्राचीच्या खोलीत नेऊन ठेवला. म्हणाली, "पोरगी पाहीन गाणे."

इथं गोष्ट संपायला हवी, पण माझं काम संपलं नव्हतं. कपाटात माझ्या सहीच्या कितीतरी 'सफल' फायली होत्या. मी त्या काढल्या. रोज दुपारी चहा झाला की दोन-तीन फोन लावायचे. आता "पितो का" असं विचारायचं नाही, "तू कशी आहेस" एवढंच. काही नंबर बंद होते. एकदा नवऱ्यानंच उचलला, तेव्हा मी गॅस एजन्सीतून बोलतेय म्हणून सांगितलं. काही जणी बऱ्या होत्या, खरंच बऱ्या होत्या. काही जणी दुसऱ्या दिवशी केंद्रात येऊन बसल्या. एका घरी मी स्वतः गेले, तर कुलूप. शेजारी म्हणाले, ती गावाकडे गेली. गावाकडे फोन लावला, तिथं म्हणाले, इकडे आलीच नाही. ठाण्यात कळवलं. मी निवृत्त झाले तोवर काही कळलं नव्हतं. तिच्या फाईलवरही मी लिहिलं होतं, शराब छोड़ दी है.

नव्या मुलींना मी नंतर शिकवलं ते एवढंच. दारूबद्दल जरूर विचारा, पण तिथं थांबू नका. न प्यायलेल्या दिवशी तो कसा असतो ते विचारा. मारायच्या आधी काय करतो, कुठं मारतो, कोणाला मारत नाही. आणि बाईला काय हवंय ते तिच्या तोंडून ऐका. मुली हे मन लावून लिहून घेतात. मला सतरा वर्षं लागली.

या उन्हाळ्यात सिविक सेंटरमध्ये बँकेचं काम उरकून बाहेर पडले, तर समोर मोरेश्वर. केस पिकलेले, पण तब्येत चांगली. त्यानं नमस्कार केला.

"मॅडम, अजून भी पेत नाई मी."

"चांगलं आहे. पिऊ नका."

"सगळं सोडलं, तरी घर गेलं. मले काय भेटलं?"

"तब्येत भेटली की," मी म्हटलं. "दारूचं झालं. हात उचलायचा का, त्याचा विचार कधी केला?"

तो म्हणाला, "एक डाव घरी जाऊन पोरीले भेटाचं म्हणतो."

"घरी नाही. कोर्टाचा आदेश आहे अजून. प्राचीला वाटलं तर ती भेटेल, कुठं आणि कधी ते ती ठरवेल."

तो मान हलवून गेला. कशासाठी हलवली, कळलं नाही. मी तिथंच सावलीला उभी राहून कुंदाला फोन लावला. असं काही कानावर आलं की बाईला त्याच दिवशी कळवायचं, ही माझी सवय आहे, निवृत्ती असो नसो. तो भेटला, घरी यायचं म्हणतो, सगळं जसंच्या तसं सांगितलं.

ती दुकानात होती. मागे कोणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं.

"बरं झालं सांगितलं ताई," ती म्हणाली. "आला तं मी दार उघडणार नाई, ठाण्यात फोन करीन. बाजूवालीले सांगून ठेवतो, प्राचीले भी सांगतो." मग गिऱ्हाइकाला उद्देशून, "दोन मिनिट, देती हूँ." आणि मला, "गर्दी हाय ताई, ठेवू का?"

"ठेव," मी म्हटलं.